किती वाव सोडलाय?

पत्र नवी मुंबईतल्या एका कोळीवाड्यातून आलं आहे. ताईंनी नाव-गाव छापू नका असं कळवलंय, म्हणून ते गाळून मजकूर थोडक्यात देतो.

"आमची लाकडी होडी ३० फुटांची. सासऱ्यांच्या वेळेपासून खाडीत एकाच जागी नांगरतो. यंदा नारळी पौर्णिमेच्या आधी ह्यांच्या चुलत पुतण्यानं फायबरची नवी बोट घेतली, २५ फुटांची, आणि आमच्या बाजूलाच नांगर टाकला. मधे साठ-सत्तर फूट असेल. गणपती गेले, नवरात्र गेलं, काही झालं नाही. दसऱ्याला ह्यांनी जुना दोर काढून नवा जाड दोर लावला, १२ वावांचा (वाव म्हणजे ६ फूट) २० वाव केला. दिवाळीच्या अमावास्येला पहाटे सहाला बंदरावर गेलो तर दोन्ही बोटी एकमेकींना घासत होत्या. मग कार्तिकी पुनवेला तेच, परत अमावास्येला तेच. तेव्हाही पहाटच होती. आता आमची एक फळी वीतभर तडकलीय. पुतण्या म्हणतो, काका, तुमची होडी माझ्यावर येते. त्याचे खलाशी आमच्या होडीवरून ये-जा करतात, रात्री दिवा लावत नाहीत. मी बाजारात जाऊबाईंजवळ विषय काढला, तर चार बायकांत तोंडाला तोंड लागलं. हे म्हणतात, घरातली गोष्ट आहे, गप्प राहा. माघात पुतण्याच्या बहिणीची हळद आहे. बोट कोणी हलवायची? आणि सांगायचं कसं, की हळदीला आम्हाला मोकळ्या मनानं जाता येईल?"

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बोट पुतण्यानं हलवायची. जो आधी नांगरून उभा आहे त्याला सांभाळून नंतर आलेल्यानं आपला नांगर टाकायचा, हा रिवाज आपल्या खाडीतही आहे आणि जगातल्या कुठल्याही बंदरात आहे. नातं, वय, कोणाची बोट मोठी, कोणाची नवी, यातलं काही तिथं चालत नाही.

पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींशी मी थांबलो. एक म्हणजे तिथी आणि वेळ. अमावास्या, पुनव, परत अमावास्या, आणि तिन्ही वेळा पहाट. हे तुम्ही लक्षात ठेवलंत आणि लिहिलंत, त्यामुळे मला खाडीवर न येताही तिथं काय होतंय ते दिसलं. दुसरी गोष्ट दसऱ्याच्या दोराची. ती तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. ते वाक्य पुतण्याच्या बाजूचं आहे, आणि तरीही तुम्ही ते लपवलं नाहीत, म्हणून हा सल्ला नीट देता येतोय.

आधी बोटी का भिडतात ते सांगतो, कारण ते दोन्ही घरांत कोणी शांतपणे बघितलेलं दिसत नाही.

दाव्याला बांधलेलं वासरू खुंटीभोवती जेवढं फिरेल तेवढी जागा त्याची. नांगरलेल्या बोटीचंही तसंच आहे. नांगर खाली गाळात रुतलेला, दोर मोकळा, आणि बोट त्याच्याभोवती फिरत राहते. भरतीचं पाणी आत यायला लागलं की ती खाडीच्या मुखाकडे तोंड करते, ओहोट लागली की उलटी फिरून आतल्या अंगाला तोंड करते. दिवसातून चार वेळा हे होतं. त्यामुळे आत्ता, या घटकेला दोन बोटींच्या मधे किती पाणी दिसतंय याला अर्थ नाही. दोघींची रिंगणं एकमेकांत शिरतात का, एवढंच बघायचं.

रिंगण मोजायचं कसं? तुमच्या जागी ओहोटीला पाणी एक वाव, म्हणजे ६ फूट धरू. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे भरतीला तिथं २० फूट पाणी होतं. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची ४ फूट. झाले २४. नांगराला साखळीचा तुकडा असेल तर याच्या पाचपट दोर सोडावा, तेव्हा दोराची ओढ आडवी राहते आणि नांगर गाळात घट्ट धरतो. कमी दोर सोडला तर ओढ वर लागते आणि नांगर उचलला जातो. २४ ची पाचपट १२० फूट, म्हणजे बरोबर २० वाव.

म्हणजे भाऊंनी, तुमच्या यजमानांनी, दसऱ्याला केलं ते चुकीचं नव्हतं. १२ वाव म्हणजे जेमतेम तिप्पट होतं. उधाणाच्या रात्री वारा सुटला असता तर होडी नांगरासकट वाहत गेली असती. २० वाव हाच त्या जागेचा खरा दोर आहे.

आता रिंगण. भरतीला तोच दोर तिरका ताणलेला असतो. ओहोटीला पाणी १४ फुटांनी उतरतं, पण दोर तेवढाच राहतो. तो सैल पडतो, तळावर लोळतो, आणि होडीला हवं तिकडे जायची मुभा मिळते. तेव्हा नांगरापासून १२० फूट दोर आणि पुढे ३० फुटांची होडी, असं जवळजवळ १५० फुटांचं रिंगण होतं. पुतण्यानं १० वाव सोडला असेल असं धरलं तरी त्याचं ८५ फूट. आणि मधे अंतर साठ-सत्तर.

सगळ्या बोटी एकाच वेळी, एकाच दिशेला फिरल्या तर एवढी जवळीकही खपून जाते. वाहत्या पाण्यात बहुतेक तसंच होतं. अडचण येते ती पाणी थांबतं तेव्हा. तुमची लाकडी होडी जड, पाण्यात खोल बसणारी, ती पाण्याचं ऐकते. फायबरची बोट हलकी, पाण्यावर तरंगणारी, तिला वारा ढकलतो. ओहोट सरून भरती लागायच्या मधे पाणी थोडा वेळ स्तब्ध होतं, आणि त्या वेळात एक बोट उभी राहते, दुसरी सरकते. जिचा दोर लांब ती आणखी लांब जाते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब तुमच्या घरात लहान मुलालाही येत असेल. अमावास्येला आणि पुनवेला आपल्याकडे दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री भरती, म्हणजे ओहोटीचा तळ सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, खाडीत आत थोडा उशिरा. तुमच्या तिन्ही पहाटा तिथंच येतात. पाणी सगळ्यात खाली, दोर सगळ्यात सैल, प्रवाह थांबलेला, आणि वर पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून सुटलेला. तुमची होडी पुतण्याच्या बोटीवर जात नव्हती आणि त्याची तुमच्यावर येत नव्हती. दोघी आपापल्या रिंगणातच होत्या, पण त्या घटकेला ती रिंगणं एकमेकांत होती.

मग गणपती-नवरात्रात काही का झालं नाही? तेव्हा तुमचा दोर १२ वाव होता, आणि पावसाळी वाऱ्यात दोन्ही बोटी बहुतेक एकाच बाजूला तोंड करून राहिल्या. पण १२ वावांच्या हिशोबानंही तुमचं रिंगण १०० फुटांचं होतंच. म्हणून म्हणतो, पुतण्याचा नांगर पहिल्या दिवसापासून चुकीच्या जागी पडलेला आहे. दसऱ्याच्या दोरानं ती चूक उघडी केली. आणि भाऊंची चूक एवढीच, की शेजारी बोट उभी असताना दोर आठ वावांनी वाढवला आणि त्याला सांगितलं नाही. पहिल्याचा मान असला तरी शेजारी आल्यावर आपलं रिंगण वाढवायचं तर सांगून वाढवायचं. पुतण्यानं नांगर टाकताना बघितला होता १२ वावांचा दोर. त्याच्या डोळ्यांसमोर तेच चित्र आहे, म्हणून त्याला मनापासून वाटतंय की काकांची होडी माझ्यावर येते. तो खोटं बोलत नाही.

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. वाढलो खाडीवर, आणि नोकरी मुंबई बंदरातल्या लाँचवर केली. विशी-बाविशीत असताना एकदा संध्याकाळी आम्ही घारापुरीच्या आडोशाला थांबलो. शेजारी एक जुना मचवा नांगरलेला होता. त्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलानं पाण्यावरून हाक मारून विचारलं, "किती वाव सोडलाय?" मी म्हटलं, दहा. ते म्हणाले, "माझा पंचवीस आहे. नांगर उचल आणि लांब जा. रात्री पाणी फिरेल तेव्हा तू उभा राहशील आणि मी तुझ्याकडे येईन." मी मान हलवली आणि गेलो नाही. अंधार पडत होता, दिवसभराचा थकवा होता, आणि दोन बोटींत भरपूर पाणी दिसत होतं. रात्री दोनच्या पुढे मोठा आवाज झाला. आमच्या लाँचची कड त्यांच्या सुकाणूवर बसली होती आणि सुकाणू निखळून लोंबत होतं. तांडेल उजाडेपर्यंत हातात बांबू धरून दोन्ही बोटी एकमेकींपासून दूर ठेवत उभे राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. सुकाणूच्या दुरुस्तीचे पैसे मी दिले, पण त्यांचं ते उभं राहणं मला अजून दिसतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत शेजारच्या बोटीला किती वाव सोडलाय हे विचारल्याशिवाय मी नांगर टाकला नाही.

हा प्रश्न पुतण्यानं नारळी पौर्णिमेच्या आधी काकांना विचारायला हवा होता. आणि त्यानं विचारला नाही तर काकांनी त्याच दिवशी हाक मारून सांगायला हवं होतं. नांगर पडल्या दिवशी सांगितलं तर तो बोटीचा विषय असतो, तीन महिन्यांनी सांगितलं की भावकीचा होतो.

आता करायचं काय. नियमानं बघितलं तर पुतण्यानं दोन्ही रिंगणांची बेरीज होईल एवढं, म्हणजे दोनशे फुटांच्या वर लांब जायला हवं. पण तुमच्या खाडीत ते शक्य नाही हे मलाही माहीत आहे. बोटी वाढल्यात आणि ओहोटीलाही पाणी राहील असं खोल पात्र अरुंद होत चाललंय. आमच्या चेंदणीला मी हे डोळ्यांनी पाहिलं. जिथं लहानपणी मचवे उभे असायचे तिथं गाळ आणि तिवरं आली. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तो चिखल पाखरांचं पोट आहे आणि त्याचं मोल मी जाणतो. पण होडीला चिखलावर नांगरून चालत नाही. उरलेल्या पाण्यात सगळ्यांना मावायचं तर रिंगणंच लहान करावी लागतील.

त्याला उपाय आहे, दोन नांगरांचा. एक नांगर खाडीच्या आतल्या अंगाला, दुसरा मुखाच्या अंगाला, दोन्हींचे दोर होडीच्या नाळेवरच बांधलेले. ओहोटीला आतला नांगर धरतो, भरतीला मुखाकडचा, आणि होडी मधल्यामधे आपल्याच लांबीएवढ्या जागेत फिरते. टाकायची रीत सोपी आहे. ओहोट चालू असताना पहिला नांगर आत टाकायचा, दोर दुप्पट, म्हणजे ४० वाव सोडत मागे यायचं, तिथं दुसरा टाकायचा, आणि पहिला दोर ओढत मधोमध येऊन दोन्ही बांधायचे. बांधल्यावर प्रत्येक दोर पूर्ण २० वावांचा हवा, कारण प्रत्येक नांगराला आपापल्या पाळीत एकट्यानं होडी धरायची असते. होडी फिरून फिरून दोरांना पीळ पडतो, तो चार-आठ दिवसांनी काढावा लागतो. आणि कुठलं वादळ अंगावर येणार असेल तर या बांधणीवर विसंबू नका, आडव्या वाऱ्यात ती कमजोर असते. होडी बंदरात आणा.

एक पिछाडीवरून आणि एक नाळेवरून असेही दोन नांगर काही जण टाकतात. तुम्ही ते नको. तशी होडी अजिबात फिरत नाही, आणि शेजारच्या फिरत्या बोटी येऊन तिच्यावरच आपटतात.

दोन नांगरांनी तुमचं रिंगण दीडशेवरून ५० फुटांच्या आसपास येईल, पुतण्याचं ४५ च्या. बेरीज ९५, वर थोडी मोकळीक धरून ११०. म्हणजे त्याला आणखी ४० फूट सरकायचंय. दीड बोटीएवढं. एवढ्यासाठी कोणी कोणाच्या दारात जाणं बंद करू नये. मात्र दोन नांगर दोघांनीही टाकायला हवेत. एकानं टाकून दुसरा एकाच नांगरावर फिरत राहिला तर घासणं थांबणार नाही, कारण एक बोट जागच्या जागी राहील आणि दुसरी येऊन तिला लागेल. दोघांचा दोर, दोघांची बांधणी सारखी, हे ठरवून घ्या. पलीकडे तिसरी बोट असेल तर तिच्या नाखव्यालाही विचारात घ्या.

आणखी एक बघा. भाऊंचा नवा दोर पाण्यावर तरंगणारा आहे का? बाजारात मिळतो तो स्वस्त रंगीत दोर बहुतेक तरंगतो. तसा असेल तर पाणी थांबलेल्या वेळी तो सापासारखा वर पसरतो आणि शेजारच्या बोटीच्या पंख्यात जातो. नांगराकडच्या टोकाला दोन-तीन वाव साखळी लावा आणि नाळेपासून थोड्या अंतरावर दोराला वजन बांधून तो खाली बसवा. नांगर कुठं आहेत ते कळायला चारही नांगरांवर छोटा बोया ठेवा. उधाणाच्या ओहोटीला एखादी बोट दुसऱ्याच्या नांगरावर बसली की नांगराचा दात थेट बुडातून आत येतो, आणि ते भोक पाणी चढेपर्यंत कोणाला दिसत नाही.

आता सांगायचं कसं.

हे भाऊंनी करायचंय, पण त्यांना बोलायला लावू नका. काही माणसांना पुतण्यासमोर उभं राहून तक्रार करणं जमत नाही, आणि त्यांच्या "गप्प राहा"त भिडेपेक्षा मायाच जास्त असणार असं मला वाटतं. त्यांच्या हातात काम द्या. हे छापून येईल तेव्हा मार्गशीर्ष लागलेला असेल. दत्तजयंतीच्या पुनवेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच-साडेपाचला, ओहोटीचा तळ आणि थोडा उजेड दोन्ही मिळेल. तेव्हा भाऊंनी पुतण्याला होडीवर बोलवावं, आणि पहिलं वाक्य स्वतःच्या दोराचं असावं: "दसऱ्याला मी दोर वीस वाव केला, तुला सांगायचं राहिलं. ये, दोघांचे दोर बघू." बस. त्यानंतर दोघांनी दोर हातावर मोजावा, दोन्ही बोटी कशा सरकतात ते पाणी थांबेपर्यंत बघत बसावं. कोळ्याच्या पोराला डोळ्यांनी दिसलेलं पटतं. "तुझी चूक" हे शब्द त्या दिवशी कोणी उच्चारायची गरजच पडणार नाही.

नांगर हलवायचं काम मात्र उधाणात करू नका. पुढच्या अष्टमीला, भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, सकाळी ओहोट चालू असताना दोघांनी मिळून नांगर टाकावेत. पाण्याला जोर नसतो, आणि दुपारी बाराच्या आसपास पाणी थांबेल तेव्हा दोर सारखे करून बांधायला निवांत वेळ मिळतो.

जाऊबाईंचं वेगळं. बाजारात, टोपल्या समोर आणि गिऱ्हाईक उभं असताना, कुठल्याही बाईला माघार घेता येत नाही. तुम्हालाही आली नसती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजार मंद असतो. तशा एका दुपारी त्यांच्या घरी जा आणि बाजारात बोलायला नको होतं एवढं म्हणा. बोटीचा विषय तिथं काढू नका, तो खाडीवर सुटेल. हळदीच्या तयारीतलं काय करू ते विचारा आणि जे सांगतील ते करा.

खलाशांच्या ये-जाबद्दल: दाटीत दुसऱ्याच्या होडीवरून जावं लागतं, ते चालतं, पण हाक मारून, नाळेकडून आणि अनवाणी जावं. जाळ्यावर, सामानावर पाय द्यायचा नाही. हे पुतण्यानंच आपल्या माणसांना सांगायला हवं, तुम्ही त्यांना परस्पर बोलू नका.

दिव्याच्या बाबतीत मात्र मी ऐकून घेणार नाही. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की नांगरलेल्या बोटीनं रात्री चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा. सूट आहे ती ७ मीटरपेक्षा लहान बोटीला, आणि तीही इतर बोटींच्या वाटेपासून दूर असेल तरच. पुतण्याची २५ फुटांची बोट साडेसात मीटरच्या वर जाते, तुमची ९ मीटरच्या. बॅटरी उतरते ही सबब आता राहिली नाही, छोटा एलईडी दिवा रात्रभर जळून फारशी बॅटरी खात नाही. पहाटे अंधारात परतणाऱ्या बोटीवर कोणाचा तरी मुलगा असतो. दोघांनीही दिवा त्याच आठवड्यात लावा.

टायर दोन्ही बोटींना बांधा, पण टायर आहेत म्हणून अंतर कमी ठेवू नका. उधाणाच्या रात्री दोर तुटून टायर सगळ्यात आधी जातो.

समजा एवढं करूनही पुतण्या हलायला तयार झाला नाही, तर तुमच्या मच्छिमार संस्थेच्या दोन जाणत्या माणसांना ओहोटीच्या वेळी जागेवर न्या. कार्यालयात बसून हा निवाडा होत नाही. तुम्ही लिहून ठेवलेल्या तिथ्या आणि वेळा बरोबर ठेवा. पण मला वाटत नाही तेवढी वेळ येईल. जो पोरगा अजून "काका" म्हणून तक्रार करतो तो ऐकण्यातला आहे.

फळीचे पैसे त्याच्याकडे मागू नका. कायद्यानं त्याचा वाटा मोठा निघेल, पण न सांगता वाढवलेल्या आठ वावांचा वाटा तुमचाही आहे, आणि त्याला आत्ता दुसरा नांगर, साखळी, दोर असा खर्च करायचाच आहे. त्यानं आपणहून देऊ केले तर घ्या, नाही म्हणू नका. मात्र फळीचं काम अष्टमीपर्यंतही थांबवू नका. तडकलेल्या लाकडात खारं पाणी मुरलं की किडा लागतो, आणि मग एका फळीच्या जागी तीन बदलाव्या लागतात. उद्याच सुताराला बोलवा, आणि तो आला की त्याच्याकडून पाण्याखालचं बूडही एकदा तपासून घ्या. तीन वेळा घासलेली होडी आहे, वर दिसते तेवढीच तडक असेल असं धरून चालू नका.